सोसायटी ग्रुप: काकांचे कॅल्क्युलस आणि नोंदवहीतले पाणी

ए-४०२: नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कॅल्क्युलस घरच्या घरी शिकत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, कारण गणपतीत त्यावरून माझी पुरेशी थट्टा झाली. तीन आठवडे झाले तरी लिमिटच्या, म्हणजे उत्तर ज्या संख्येकडे सरकत जाते तिच्या, एप्सिलॉन-डेल्टा या काटेकोर व्याख्येपुढे मी सरकलेलो नाही. सुप्रभातचे फोटो पाठवणाऱ्या इंजिनीअरांपैकी कोणी मार्ग सांगेल का?

सी-१०४: काका, आधी बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की करावी.

बी-२०३: काका, ती व्याख्या तूर्त बाजूला ठेवावी. कॅल्क्युलसचे एक जनक लायब्निझ यांचा त्यावरचा पहिला लेख १६८४ मध्ये छापून आला आणि लिमिटला काटेकोर रूप कोशी व वायरश्ट्रास या गणितींनी एकोणिसाव्या शतकात दिले. मधली शंभराहून अधिक वर्षे मोठमोठ्या गणितींचे तिच्यावाचून अडले नाही. आपण ३.१ च्या वर्गातून ३ चा वर्ग वजा करून ०.१ ने भागावे, म्हणजे ६.१ येतील. ३.०१ घेतल्यास ६.०१ आणि ३.००१ घेतल्यास ६.००१ येतात. उत्तर कोठे चालले आहे, ते पाहावे.

ए-३०१: म्हणजे बोरिवली ते चर्चगेट हा लोकलचा सरासरी वेग झाला आणि कांदिवली ओलांडतानाचा त्या क्षणाचा वेग हा डेरिव्हेटिव्ह. सिग्नलला थांबल्यावर तो शून्य होतो, प्रवाशांचा संताप मात्र वाढत राहतो.

सी-१०४: मी वर लिहिलेच आहे की आधी बीजगणित आणि त्रिकोणमिती.

सचिव: हा ग्रुप केवळ सोसायटीच्या सूचनांसाठी आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

बी-२०३: सचिवसाहेब, विषय सोसायटीचाच आहे. पालिकेचे पाणी सुरुवातीला मिनिटाला १०० लिटर येते आणि तासाभरात एकसारखे कमी होत बंद पडते, असे धरू. आपण १०० गुणिले ६० करून नोंदवहीत ६,००० लिटर लिहिता. प्रवाहाचा आलेख काढल्यास मात्र त्रिकोण होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३,००० भरते. इंटिग्रेशन म्हणजे हेच क्षेत्रफळ. उरलेले पाणी गेल्या महिन्यात टँकरने आले आणि त्याची वर्गणी आम्ही भरली.

सचिव: याविषयी वार्षिक सभेत बोलावे.

ए-४०२: टाकीचे राहू द्या. पुस्तक कोणते घ्यावे?

बी-२०३: बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आधी बहुपदींचे डेरिव्हेटिव्ह, मग गुणाकाराचा आणि साखळीचा नियम (एका सूत्राच्या आत दुसरे सूत्र असेल तेव्हा वापरायचा), आणि त्यानंतरच इंटिग्रेशन घ्यावे. व्हिडिओ पाहताना तो मध्येच थांबवून पुढची पायरी स्वतः लिहावी, कारण नुसते पाहिले की सगळे समजल्यासारखे वाटते आणि वहीसमोर बसल्यावर काहीच सुचत नाही.

सी-१०४: आणि बीजगणित?

बी-२०३: काकू, साखळीच्या नियमात कंस सोडवताना ते अडेलच, आणि तेव्हा तेवढ्यापुरते मागे जावे. आधी सहा महिने बीजगणितच करत बसल्यास काकांचा उत्साह त्यातच संपेल.

ए-४०२: ५.१, ५.०१ आणि ५.००१ घेऊन पाहिले. १०.१, १०.०१, १०.००१ आले. हे दहाकडे चालले आहे, म्हणजे दर वेळी संख्येची दुप्पट येते काय?

बी-२०३: होय काका. आता वर्गाऐवजी घन घेऊन पाहावे.

सी-१०४: घनाचा विस्तार बीजगणितातच येतो.