झाडू मारण्यात कसलं करिअर?

काय भो, भुसावळात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कर्लिंग या खेळाचं हसू येणारच. 'बर्फावर दगड ढकलायचा नि पुढे झाडू मारायचा, यात कसलं करिअर नि कसला पैसा?' या तुमच्या प्रश्नाला जॉन शूस्टर हे बरं उत्तर आहे.

हा अमेरिकेचा गडी. २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये संघाला ब्राँझ मिळालं तेव्हा साधा खेळाडू होता. पुढे कॅप्टन झाला आणि २०१० ला संघ तळाला गेला, २०१४ ला दहात नववा. मग राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमातूनही त्याला वगळलं. गड्याने तसेच नाकारलेले दोन-तीन जण गोळा केले नि स्वतःचा संघ उभा केला. २०१८ ला प्योंगचांगमध्ये आधी दोन विजय, चार पराभव. तिथून सलग पाच सामने जिंकले, फायनलला निकलास एडिनच्या स्वीडनला १०-७ ने हरवून सुवर्ण! त्यातल्या आठव्या एंडला, म्हणजे डावाला, एकदम पाच गुण काढले. एडिनही लेचापेचा नव्हे, चार वर्षांनी त्यानेही सुवर्ण नेलंच.

आणि झाडूला हसू नका. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण घटतं, म्हणून जवळपास वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड लांब जातो नि कमी वळतो. कॅरमला पावडर टाकतो ना, तसंच. फक्त इथे सोंगटी धावत असताना टाकायची.

पैशाचं मात्र तुमचं खरं. शूस्टर एकेकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी करत होता.