'दे/देम'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: एका कंपनीच्या फॉर्मचं मराठी करतेय. नाव, जन्मतारीख, पत्ता सुरळीत झालं आणि पुढच्या रकान्यात गाडी अडकली. 'प्रोनाउन्स', म्हणजे तुमचा उल्लेख कुठल्या सर्वनामाने करायचा, खाली तीन पर्याय: शी/हर, ही/हिम, दे/देम. पहिले दोन सोपे, ती/तिला, तो/त्याला. तिसरा 'ती' किंवा 'तो' दोन्ही नको असणाऱ्यांसाठी. त्यापुढे 'ते/त्यांना' लिहिलं तर लेक मागून वाचून म्हणाली, "आई, हे तर साहेबांचं झालं." खरंच की. 'ते आले' म्हटलं की बाप्याच उभा राहतो, बाई असती तर 'त्या आल्या'. शिवाय रकान्याला 'सर्वनामे' म्हटलं तर लोकांना कळेल का? परवा द्यायचंय.

खडूफळा: न कळायला काय झालं? नामाऐवजी येतं ते सर्वनाम. पाचवीतलं पोर झोपेतही सांगेल.

सूत्रधार: गुरुजी, हा 'ऐवजी' लॅटिनचा. 'प्रोनाउन'मधला 'प्रो' म्हणजे च्या जागी. आपल्या 'सर्वनाम' शब्दात 'ऐवजी' शोधून दाखवा! पाणिनीचं सूत्र 'सर्वादीनि सर्वनामानि', म्हणजे 'सर्व'पासून सुरू होणाऱ्या यादीतले शब्द. कुणालाही लागू पडणारं नाम, अशीही फोड करतात. आपण नाव संस्कृतचं ठेवलं आणि व्याख्या इंग्रजीची पाठ केली. 'नाउन' मात्र लॅटिन 'नोमेन'वरून, आपल्या 'नाम'चं लांबचं भावंड.

खडूफळा: वीस वर्षं ही व्याख्या फळ्यावर लिहितोय. आता पुसू म्हणता?

पंचगंगाकाठ: लिंगाचं म्हणाल तर आमच्या कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच रात्री मेसच्या ताईंना म्हटलं, "मी जेवलो." हातातली पळी तशीच धरून त्या बघत राहिल्या. तेव्हापासून पुण्यात 'जेवले', घरी 'जेवलो'.

तिरकस: मूळ रकानाच फॅड आहे. एका माणसाला अनेकवचन कसलं? व्याकरणाचं वाटोळं.

थेम्सकाठचा: तिरकसराव, 'बाबा आले' म्हणताना तुमच्या घरी किती बाबा येतात? इंग्रजीत कुणीतरी छत्री विसरलं तर ती 'देअर अंब्रेला' होते. एकट्यासाठी 'दे' वापरायची ही खोड चौदाव्या शतकापासूनची. नवं इतकंच, की अमुक एक ठरावीक व्यक्ती स्वतःसाठी 'दे' निवडते. २०१९ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं. 'यू'चंही तेच. पूर्वी 'दाऊ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. 'तू' मागे पडला, 'तुम्ही' उरला. आणि 'दे' तर इंग्रजांचा घरचाही नाही, स्कँडिनेव्हियाहून आलेल्यांच्या भाषेतून उचललेला. ज्यांनी सर्वनामसुद्धा उसनं घेतलं, त्यांच्या भाषेवरून शुद्धतेचे धडे नकोत.

तिरकस: मग तुम्हीही उसनं घ्या, रकान्यात 'दे' लिहा. वाचणारा विचारेल, काय देऊ?

भाषांतरवाली: हसले! पण एक लक्षात आलं. 'त्यांनी फॉर्म भरला', 'त्यांना कळवा', 'त्यांची सही' यांत बाई की पुरुष काहीच कळत नाही. घोळ फक्त 'ते आले, त्या आल्या' इथे. म्हणजे रकान्यात 'त्यांनी/त्यांना' लिहिलं तर?

सूत्रधार: 'त्यांनी' ही तृतीया. जोडीत पहिली प्रथमाच हवी.

भाषांतरवाली: फॉर्म भरणाऱ्याला विभक्तीशी काय देणंघेणं?

मांडवीकाठची: नपुंसकलिंग घ्या ना. दार वाजलं की 'कोण आलंय?' असंच विचारतो. आणि आमच्या गोव्यात कोंकणीत तरण्या मुलीलाही 'तें' म्हणतात, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पंचगंगाकाठ: कोंकणीत ठीक. मराठीत मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हणून बघा. ते एकतर कारटं, नाहीतर मांजराचं पिल्लू.

खडूफळा: तुम्ही सगळे 'हे' विसरलात. आमची आई जन्मभर वडिलांना 'हे' म्हणाली. 'हे जेवले का', 'ह्यांचा डबा'. दर्शक सर्वनामाचं विशेषनाम झालेलं मी घरात पाहिलंय. आता सांगा, इथे ते कशाऐवजी आलं? नाव तर ती घेतच नव्हती.

सूत्रधार: म्हणजे 'ऐवजी' तुम्हीच खोडलंत, गुरुजी.

खडूफळा: खोडलं नाही. विचारलं.

भाषांतरवाली: 'ते/त्यांना'च ठेवून पाठवलं. कंपनीकडून उलट विचारणा: हा पर्याय वरिष्ठांसाठी आहे का?

तिरकस: बघा! म्हटलं होतं.

थेम्सकाठचा: तुम्ही हे कधी म्हणालात? हे तर ताईंची लेक म्हणाली.

पंचगंगाकाठ: ते जाऊ दे. नागपूरकडचं कुणी आहे का इथे? तिकडच्या बायका 'जेवलो' म्हणतात की 'जेवली'?