सायन्स आवडणारी पोरगी आठवीत एकदम "नको" का म्हणायला लागली?

मिरजेची आई:
पोरगी सांगलीत आठवीला आहे. सातवीपर्यंत भिंगानं कागद जाळणे, बाटलीत मुंग्या भरणे सगळे उद्योग करून झाले, यंदा तुकडी बदलली आणि आता म्हणते सायन्स बोअर आहे, मी कॉमर्सलाच जाणार. मार्क चांगले आहेत, तेच तर कळंना. वर्गात म्हणे उत्तरं फळ्यावरनं उतरवून घ्यायची, काही विचारलं की "पोर्शन राहिलाय, गप बस". ९० च्या वर पडले तर मोबाईल देतो म्हटलं तरी ढिम्म. क्लास लावू का?

तासगावचा मास्तर:
क्लास नको ताई, तिथं पण उतरवूनच घ्यायचंय. आमच्या झेडपीच्या शाळेत लॅब नाही, पण हळद तर घरोघरी. हळदीचं पाणी लावून कागद वाळवायचा आणि साबणाचं पाणी टाकलं तर काय होईल ते आधी वहीत लिहायचं, मगच टाकायचं. कागद लाल झाला की जो दंगा होतो! मग लिंबू पिळलं की परत पिवळा. ज्याचा अंदाज चुकतो तोच जास्त प्रश्न विचारतो बघा, पण चुकल्यावर वर्ग हसला की पोरगं दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

हरिपूरकर:
आणि ते मोबाईलचं गाजर कशाला? १९७३ चा अमेरिकेतला एक गाजलेला प्रयोग आहे, लेपर आणि मंडळींचा. चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली पोरं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट देऊ, तर नंतर मोकळ्या वेळात तीच पोरं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही.

कृष्णाकाठ:
बोलायला सोपं आहे हो. दहावीला लेखी ८० चं, प्रॅक्टिकलचे २० शाळेच्या हातात. वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबल्यावर सरांनी तरी हळद कधी कालवायची?

मिरजेची आई:
पण मोबाईल कबूल करून बसलोय की, आता काय करू?

तासगावचा मास्तर:
शब्द मोडू नका, मार्कांची अट तेवढी काढा. आणि पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज येतेच, तिला ग्राफ काढू द्या. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. कोयनेतनं पाणी सोडल्यावर इथं किती तासांनी चढतं ते तिलाच शोधू दे, तुम्ही सांगायचं नाही.