सीझन संपला, की सुरू झाला?

देवगडहून

गेल्या आठवड्यात घराच्या नव्या दाराची फळी वाकडी झाली. सुतार म्हणाला, "लाकूड सीझन नाय झालेला, घाईत वापरला." त्याच संध्याकाळी बागेतल्या गड्याने सांगितलं, "आता सीझन संपलो, उरलेलो आंबो रायवळ." रात्री मुलगी पदार्थाच्या कृतीत 'सीझनिंग' वाचत होती. एका दिवसात तीन सीझन! हा एकच शब्द आहे, की तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात? जाणकारांनी सांगावं.

दापोलीहून

दादा, शब्द एकच आहे आणि त्याचा जन्म शेतात झालाय. लॅटिनमध्ये पेरणे या क्रियापदावरून 'सातिओ' असं नाम होतं, अर्थ पेरणी. फ्रेंचमध्ये त्याचं 'सेझाँ' झालं. आधी पेरणीची वेळ, मग कुठल्याही कामाची योग्य वेळ, आणि शेवटी वर्षाचा एकेक ऋतू. इंग्रजीत तो १३०० च्या आसपास आला. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'सीड', बी या अर्थाचा, दूरच्या नात्याने याचाच भाऊबंद.

फळीचा आणि जेवणाचा अर्थ याच घरातून निघाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'असेझोने' म्हणजे पिकवणे, वेळ देऊन पक्व करणे. फळ पिकलं की चवीला येतं, तसं मीठमसाल्याने अन्न चवीला येतं. पुढे १६व्या शतकात हाच शब्द लाकडाला लागला. ओल्या लाकडातलं पाणी सावकाश जाऊ दिलं नाही तर ते आक्रसतं, पिळतं, भेगाळतं. तुमच्या दाराचं तेच झालं.

यात मला मनापासून आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आपण मे अखेरीस म्हणतो सीझन संपला. हापूस संपतो, पर्यटक परततात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पण रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या जमिनीत, भाताचा तरवा (लावणीची रोपं) पेरला जातो तो याच दिवसांत. शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर आपला सीझन तेव्हाच सुरू होतो.

मालवणहून

ताईंनी सुंदर मांडलं. मग जुने शब्द का सोडायचे? माझी आजी म्हणायची, "औंदा आंब्याचो हंगाम चांगलो." तिच्या तोंडून सीझन कधी ऐकला नाही. आणि फळीचं म्हणाल तर मराठीत 'मुरणं' आहेच की. लोणचं मुरतं, माणूस मुरतो, मुरांबाही त्यातूनच आला ना?

दापोलीहून

हंगाम फारसीतून आलाय, तिथे त्याचा अर्थ वेळ. मोसम अरबी 'मौसिम'वरून. खूण करणे या धातूपासून, म्हणजे ठरावीक काळ. अरबस्तानाशी व्यापार करणाऱ्या चौल-दाभोळच्या बंदरांना त्या शब्दाचं महत्त्व काय होतं ते वेगळं सांगायला नको, गलबतं वाऱ्याच्या मोसमावरच ये-जा करीत. तोच शब्द पोर्तुगिजांच्या 'मोंसाँव'मधून इंग्रजीत 'मान्सून' झाला आणि पेपरातून आपल्याकडे परत आला. तेव्हा हंगाम आपला आणि सीझन परका, असं मला म्हणवत नाही. दोन्ही शब्द प्रवासीच.

मुरणं मात्र अगदी नेमकं. 'मुरलेला राजकारणी' या जागी इंग्रजीत 'सीझन्ड' हाच शब्द बसतो, आणि तिथेही तो लाकडावरूनच माणसावर आला. मुरांब्याचं पटत नाही. कैरी मुरते म्हणून आपल्याला तसं वाटतं, पण मूळ शब्द अरबी मुरब्बा.

देवगडहून

म्हणजे स्वयंपाकातलं सीझनिंग म्हणजे फोडणी नव्हे?

दापोलीहून

नव्हे. फोडणीला इंग्रजीत 'टेंपरिंग' म्हणतात. सीझनिंगची जवळची मराठी म्हणजे आपलं 'चवीपुरतं मीठ'. बिडाच्या तव्यालाही सीझन करणं म्हणतात. घावन चिकटू नये म्हणून तेल चोळून तो पुन्हा पुन्हा तापवतात. आमच्याकडे त्याला तव्याला तेल पाजणं म्हणतात. तिथे मला इंग्रजीची गरजच वाटत नाही.

मालवणहून

आमच्याकडेही तेलच पाजतात. आणि सुतार जुन्या फळीला 'वाळलेला लाकूड' म्हणतो. सीझन हा वखारीतला शब्द.

देवगडहून

सगळ्यांचे आभार. नव्या फळ्या फणसाच्या घेतल्यात. माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून आडव्या रचल्या आहेत, वारा खेळेल अशा. आता पावसाळा जाऊ दे, दिवाळीनंतरच दार बसवेन.