हेंज: तटबंदी, रिंगण की आणखी काही?

मूळ प्रश्न
'हेंज'ला, म्हणजे ब्रिटनमधल्या प्रागैतिहासिक गोल चर-बांधाच्या रचनेला, मराठी शब्द हवा आहे. मजकूर इंग्लंडमधल्या एव्हबरीचा: सुमारे ४२० मीटर व्यासाचा गोल, खडूच्या खडकात खोदलेला चर, निघालेल्या मालाचा बाहेरून बांध, चार वाटा. संपादकांनी 'तटबंदी' केलंय. चालेल?

गेरू
अजिबात नको. तटबंदीचा खंदक बाहेर असतो, शत्रू आधी त्यात अडकतो. इथे चर आत, बांध बाहेर. बाहेरून येणारा बांधावर चढला की उंचावर तोच. म्हणून तर हे कशासाठी खणलं, हा वाद आहे.

चौकट
'शिलावर्तुळ' रूढ आहे की. नागपूरजवळच्या जुनापाणीला तेच म्हणतात.

गेरू
जुनापाणीची वर्तुळं दफनाची. हेंज म्हणजे मुळात मातीकाम, दगड असोत-नसोत. स्टोनहेंजचा मुख्य बांध चराच्या आत आहे, त्यामुळे काटेकोर व्याख्येत तेच बसत नाही! आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ केंड्रिक यांनी १९३२ मध्ये ही संज्ञा काढली ती स्टोनहेंजवरूनच.

पाचोळा
त्यातल्या 'हेंज'चा संबंध टांगण्याशी लावतात, उभ्या दगडांवर ठेवलेल्या आडव्या शिळांमुळे. मातीशी नातंच नाही.

पायवाट
'रिंगण' घ्या. मध्ये मोकळी जागा, कडेनं माणसं.

गेरू
माणसं कडेनं उभी राहत होती हे ठरवलं कुणी? रिंगण म्हटलं की वारी आलीच. 'वलयचर' निदान हेतूबद्दल काही बोलत नाही.

चौकट
शेतातला चर गुडघाभर. एव्हबरीचा मुळात ९ मीटरहून खोल होता. 'वलयखंदक' म्हणा.

पाचोळा
खंदक अरबी, फारसीतून आलेला. 'परिखा' आहे ना!

चौकट
गडकोटांच्या मुलखात खंदक परका? परिखा किती वाचकांना कळेल?

गेरू
खोली आज दिसत नाही, कारण गारठ्यानं खडूच्या कडा फुटतात आणि पहिल्या काही हिवाळ्यांतच तळ भरू लागतो. हेच तपासायला १९६० साली जवळच ओव्हरटन डाउनवर नवा चर-बांध केला. किती भरलं हे पाहायला त्यात खणून छेद २, ४, ८, १६, ३२ असे दुपटीच्या वर्षांनी घ्यायचे. बांध काठाला चिकटवला नाही, मध्ये सपाट पट्टी सोडली. तशी सोडली नाही तर कड खचते आणि माल परत चरात येतो.

पायवाट
त्या पट्टीला पाणलोटाच्या कामात 'बर्म' म्हणतात.

पाचोळा
पुन्हा इंग्रजी. 'काठपट्टी' का नको?

चौकट
काठपट्टी म्हटलं की लुगडंच आठवतं.