एचडीबीत (सिंगापूरच्या सरकारी घरांत) कॉर्गी कुत्रा चालतो का? अनुभवी मंडळींनी सांगावं

प्रेषक: मधुरा, पुंगोल

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या हिशोबाच्या मेलमध्ये घुसत नाही, म्हणून हा वेगळा विषय काढतेय. लेक यंदा सेकंडरीत गेली आणि घरात एकच धोशा सुरू झालाय: कॉर्गी हवा. पलीकडच्या कॉन्डोतल्या (खासगी सोसायटीतल्या) एक बाई संध्याकाळी पार्क कनेक्टरवर त्यांच्या कॉर्गीला फिरवतात, तेव्हापासूनचं हे खूळ. अहोंना मात्र मांजर हवंय, तेही स्कॉटिश फोल्ड. त्यांच्या बॉसकडे आहे. "अगदी गुणी जात, दिवसभर एका जागी बसून असते," असं त्यांचं प्रशस्तिपत्र. सासूबाई नाशिकहून आल्यात. त्यांनी दोन्ही पक्षांना एकच प्रश्न टाकलाय: "डिसेंबरात तुम्ही सगळे तिकडे येणार, मग ह्याला कोण बघणार?"

आमचा फोर-रूम फ्लॅट, दोघांच्या नोकऱ्या, हेल्पर नाही. शिवाय मला शिंका येतात, त्यामुळे ते हायपोअ‍ॅलर्जेनिक की काय म्हणतात, म्हणजे अ‍ॅलर्जी न होणारं, तसलं मिळालं तर बरं. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी कृपया लिहा.

मधुरा

प्रेषक: शैलेश, तांपिनीस

मधुरा,

कॉर्गी विसरा. एचडीबीची ६२ जातींची यादी आहे, त्यात कॉर्गी नाही. शिबा नाही, बीगल नाही, गोल्डन रिट्रीव्हर तर नाहीच. टॉय पूडल, शित्झू, माल्टीज, पॉमेरेनियन, मिनिएचर श्नाउझर, चिवावा, जॅक रसेल, पग ह्यातलं काही चालेल, आणि फ्लॅटमागे एकच. नियम मोडला तर ४,००० डॉलरपर्यंत दंड, वर कुत्रा घराबाहेर काढावा लागतो तो वेगळाच. त्या बाई कॉन्डोत राहतात. त्यांना तीनपर्यंत मुभा आहे, म्हणून त्यांचं जमतं.

लायसन्स वर्षाचं. नसबंदी केली असेल तर १५ डॉलर, नाहीतर ९०. सरकारला काय हवंय ते ह्यातच कळतं.

सासूबाईंचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे. कुत्र्याला भारतात नेलं तरी परत आणताना रेबीजची लस, ती लागू पडली का ते बघणारी रक्ताची टायटर टेस्ट, इम्पोर्ट लायसन्स, क्वारंटाइन. सुट्टीसाठी हे कोणी करत नाही. बोर्डिंगवाले डिसेंबरचं बुकिंग आधीच भरून बसलेले असतात.

शैलेश

प्रेषक: अनघा, बुकित बातोक

मधुरा,

शैलेशने कायद्याचं सांगितलं, मी घरातलं सांगते. माझ्याकडे टॉय पूडल आहे, आणि शनिवारी मी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते, त्यामुळे आवडीने आणलेली आणि नकोशी झालेली, दोन्ही बघायला मिळतात.

इथल्या लिफ्टमध्ये बघावं तेव्हा पूडलच का भेटतं? यादीत बसतं, चटकन शिकतं, केस गळत नाहीत. फक्त दुकानदार पुढचं सांगत नाही. गळत नाहीत म्हणजे ते वाढतच राहतात. रोज विंचरायचं आणि चार-सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे न्यायचं. कंटाळा केला की आधी कानामागे, मग काखेत गुंता होतो, आणि तो कातडीच्या इतका लगत बसतो की कंगवा आत जात नाही. शेल्टरला आलेल्या एका पूडलवर आम्ही मशीन फिरवलं, तर पाठीवरचे केस सुटे पडलेच नाहीत. जाकीट उतरवावं तसं सगळं एका तुकड्यात निघालं, आणि खाली कातडी लालबुंद. मालकांनी त्याला चांगल्या दुकानातून काही हजार डॉलर मोजून आणलं होतं.

आता तुझ्या शिंका. अ‍ॅलर्जी केसांची नसते, प्राण्याच्या लाळेत आणि कातडीत जी प्रथिनं असतात त्यांची असते. केस फक्त ती घरभर पसरवतात. त्यामुळे अजिबात शिंक येणार नाही अशी हमी कुठलीच जात देत नाही. पूडलचा संकर करायची फॅशन ह्याच आशेवर चालते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाच्या गृहस्थांनी लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर, म्हणजे लॅब्राडूडल केला, तो हवाईतल्या एका अंध बाईंसाठी. त्यांना गाइड डॉग हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. पिल्लांची लाळ आणि केस त्या नवऱ्याकडे पाठवून बघावे लागले, आणि सगळी पिल्लं काही चालली नाहीत. एकाच वेताची भावंडं, बरं का. पुढे ज्याने त्याने कशाचाही पूडलशी संकर करून विकायला सुरुवात केली, तेव्हा ह्याच कॉनरननी आपल्याला पश्चात्ताप होतो असं जाहीर सांगितलं. तेव्हा जाहिरातीवर जाऊ नकोस. माझ्याकडे ये, सोफ्यावर तासभर बस, माझा पठ्ठ्या मांडीवर चढेलच. घरी जाऊन काय होतं ते बघ.

पगकडे वळणार असाल तर थांबा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. नाकपुड्या चिमटलेल्या, आत टाळूचं मांस लोंबलेलं, आणि बाहेर सिंगापूरची दमट हवा. आमच्या ब्लॉकखालचा पग सकाळी आठलाच घोरल्यासारखा आवाज काढत चालतो आणि लोक "सो क्यूट" म्हणत फोटो काढतात. कॉन्डोवाल्यांत हेच फ्रेंच बुलडॉगचं. अमेरिकन केनेल क्लबच्या लोकप्रिय जातींच्या यादीत लॅब्राडॉर ३१ वर्षं पहिला होता, २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगने त्याला खाली ओढलं. आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने ब्रिटनमधल्या कुत्र्यांचं आयुर्मान काढलं, त्यात जॅक रसेल १२.७ वर्षं आणि फ्रेंच बुलडॉग साडेचार. ह्या चपट्या नाकवाल्यांना कितीतरी विमान कंपन्या होल्डमध्ये घेतही नाहीत. उद्या तुमची बदली झाली तर काय करणार?

आणि आता तुझ्या अहोंचं फोल्ड. हे जरा नीट वाचून दाखव त्यांना.

१९६१ मध्ये स्कॉटलंडात कूपर अँगसजवळच्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजर सापडली, तिचे कान पुढे दुमडलेले होते. आजचे सगळे स्कॉटिश फोल्ड तिचेच वंशज. कान दुमडतो कारण त्यातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सदोष असते. पण कूर्चा काही फक्त कानात नसते. तीच घोट्यात, शेपटीच्या मणक्यांत, गुडघ्यात. आईबापांपैकी एकाकडूनच ते जनुक आलं तरी सांध्यांवर परिणाम होतो, कमी किंवा जास्त. ब्रिटनमधल्या मांजरांच्या मुख्य नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकातच ह्या जातीची नोंदणी बंद केली. नेदरलँड्समध्ये पैदाशीवरच बंदी आहे. आशियात मात्र इन्स्टाग्रामच्या कृपेने मागणी जोरात.

तेव्हा "दिवसभर एका जागी बसून असते" हा गुण असेलच असं नाही. हलताना दुखतं म्हणूनही मांजर बसून राहतं. बॉसच्या मांजरीची शेपटी ताठ लागते का, सोफ्यावर चढण्याआधी ती खाली उभी राहून वाट बघते का, मागच्या पायांचे पंजे जाड दिसतात का, एवढं बघायला सांग. दिसलं तर एक्स-रे काढावा. दुखणं मुळातून बरं होत नाही, पण वेदनेवर औषध आहे, आणि मांजरं दुखत असल्याचं ओरडून सांगत नाहीत.

अनघा

प्रेषक: निखिल, क्वीन्सटाउन

मांजरवाल्यांच्या बाजूने दोन शब्द.

एचडीबीत १९८९ पासून मांजर पाळायला मनाई होती. १ सप्टेंबर २०२४ पासून फ्लॅटला दोन मांजरांची परवानगी मिळाली. आमची मनी त्याआधीपासून होती असं मी लेखी कुठेही म्हटलेलं नाही, कृपया नोंद घ्यावी. मायक्रोचिप आणि लायसन्स लागतं, ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत मुदत आहे, आणि तोवर नसबंदी केलेल्या मांजराचं लायसन्स फुकट. पहिल्यांदाच घेणाऱ्यांना एक ऑनलाइन कोर्स करावा लागतो, तो वहिनींनीच नाही, अहोंनीही करावा.

खर्च धरायचाच तर आधी खिडक्यांच्या जाळीचा धरा. मांजर आठव्या मजल्यावरूनही पाखरामागे झेप घेतं. किचनची खिडकी आणि सर्व्हिस यार्ड लोक विसरतात, आणि मांजर तिथूनच जातं.

हल्ली इथे ब्रिटिश शॉर्टहेअर आणि रॅगडॉलची चलती आहे. दोन्ही शांत, पण दोन्हींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, म्हणून आईबापांचे हार्ट स्कॅन दाखवा म्हणायचं. दाखवत नसेल तर ब्रीडर बदला. रॅगडॉलच्या त्या केसांना दिवसभर एसी लागतो. बिल कोण भरणार तेवढं ठरवा. बेंगॉल, म्हणजे रानमांजराच्या संकरातून आलेली जात, कोणाच्या डोक्यात असेल तर पहिल्या चार पिढ्यांना इथे बंदी आहे, पाचवीपासून पुढे चालतं.

जातिवंतच हवं म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. ह्या शहराच्या नावाची जात आहे, सिंगापुरा. मीडो नावाच्या अमेरिकन जोडप्याने १९७५ मध्ये इथल्या गल्लीतली म्हणून तीन मांजरं अमेरिकेत नेली आणि त्यांच्यापासून जात तयार केली. १९८७ मध्ये कागद सापडले, त्यांवरून ही मांजरं १९७४ मध्ये अमेरिकेतूनच इकडे आणलेली दिसली. टुरिझमवाल्यांनी तरी तिला शहराचं प्रतीक केलंच. खरी सिंगापूरची मांजरं आमच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, दुचाकीच्या सीटवर झोपलेली असतात, शेल्टरमध्येही त्यांचीच गर्दी आहे. आमची मनी त्यातलीच.

निखिल

प्रेषक: प्रभाकर काका (सध्या मुक्काम सेंगकांग, मुलाकडे)

चि. मधुरा आणि सर्व मंडळी,

म्हातारा माणूस, जरा लांबण लावीन. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो पग पोराच्या मागे मागे फिरला आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत जिकडेतिकडे पग दिसू लागले. पुढे हस्की आले. मे महिन्यात कोथरूडला हस्की घेऊन फिरणारा इसम मी पाहिलाय. कुत्रा सावलीतून हलायला तयार नव्हता आणि मालक त्याला बर्फाचे खडे चाटवत होता. सायबेरियाच्या कुत्र्याने पुण्याचं काय बिघडवलं होतं, परमेश्वर जाणे.

आमच्या लातूरकडे कारवान आहे. लांब तोंडाचा, सडपातळ, सशामागे सुटला की डोळ्यांना दिसत नाही. पण त्याला मोकळं रान लागतं, म्हणून तोही फ्लॅटमध्ये आणा असं मी म्हणणार नाही. उगाच देशाभिमान नको.

सांगायचं ते वेगळंच. आमच्या सूनबाईंनी यादीबाहेरचा कुत्रा एचडीबीतच ठेवलाय, आणि रीतसर. प्रोजेक्ट अडोर म्हणून योजना आहे. शेल्टरमधला स्थानिक मिश्र जातीचा कुत्रा, ज्याला इथे सिंगापूर स्पेशल म्हणतात, खांद्यापाशी ५५ सेंमीपर्यंत उंच असला तरी दत्तक घेता येतो. संस्थेचे लोक घर बघून जातात आणि ट्रेनिंगचा क्लास करावाच लागतो. क्लासला मी जात असे. कुत्रा लवकर शिकला. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि पहिला महिनाभर तो लिफ्टला घाबरायचा. दार उघडलं की जमिनीला पोट लावून बसायचा. आम्ही जिन्याने जायचो. माझे गुडघे त्यामुळे सुधारले असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही.

आपला,
प्रभाकर काका

प्रेषक: मधुरा, पुंगोल

सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रगती सांगते. लेक दोन दिवस कोणाशी बोलली नाही, मग तिने स्वतःच यादी उघडली आणि आता "सिंगापूर स्पेशल" शोधतेय. अनघाताई, तिला शनिवारी शेल्टरला आणू का? वयाची अट आहे का तेवढं कळवा. शिंकांच्या परीक्षेसाठी मी रविवारी तुमच्याकडे येतेच, येताना आळूवडी आणते.

अहोंनी तुमची मेल बॉसना पाठवली. आधी दोन दिवस काही उत्तर नाही, त्यामुळे घरात तणाव. काल त्यांनी सांगितलं, मांजरीची शेपटी खरंच वाकत नाही आणि अपॉइंटमेंट घेतलीय. आमचे अहो आता फोल्डचं नाव काढत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं, डिसेंबरच्या आत काहीही आणायचं नाही. जानेवारीत परत आल्यावर बघा. मला ते पटलंय, लेकीला नाही. तोवर तिला थोडा सराव मिळेल असं काही आहे का कोणाकडे?

मधुरा

प्रेषक: निखिल, क्वीन्सटाउन

आहे की! दिवाळीत आम्ही सगळे पुण्याला चाललोय. मनीला सकाळ-संध्याकाळ खाणं, ताजं पाणी, आणि अर्धा तास दोरीशी खेळ. पुंगोलहून एमआरटीने लांब पडेल, पण लेकीला सुट्टी असेल तर बघा. लिटर बॉक्सही रोज उपसावा लागेल, हे आधीच सांगून ठेव तिला. किल्ली तुमच्याकडे आणून देतो.

निखिल