'ओल्ड' आणि आपला 'वृद्ध'

परवा भाच्याच्या मुलाचं उष्टावण झालं. केकवर 'सिक्स मंथ्स ओल्ड' असं लिहिलं होतं. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि मला म्हणाली, "अरे, अजून दात नाहीत त्याला, आणि ओल्ड कसला?" इंग्रजीत तसंच म्हणतात, असं मी सांगितलं खरं, पण हे काही उत्तर नव्हे.

खरं उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. 'ओल्ड'चा मूळ अर्थ म्हातारा नव्हेच. 'वाढलेला' असा आहे. जर्मनमध्ये याचंच भावंड 'आल्ट'. या दोघांमागे भाषाशास्त्रज्ञ 'अल्' हे प्राचीन मूळ मानतात. त्याचा अर्थ वाढणं आणि पोसणं. म्हणजे आमचं बाळ सहा महिने 'वाढलेलं' आहे, इतकंच केक सांगत होता. म्हातारपणाचा अर्थ नंतर चिकटला.

त्याच मुळाचं लॅटिन क्रियापद 'आलेरे', म्हणजे पोसणं. त्यातून पुढे 'अ‍ॅडोलेसंट' आणि 'अ‍ॅडल्ट' आले. पहिला वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला; एकाच क्रियापदाची ही दोन रूपं. शाळेचे माजी विद्यार्थी 'अ‍ॅल्युम्नाय' का, तर शाळेने पोसलेले म्हणून. 'वर्ल्ड'मध्येही हा 'ओल्ड' लपलाय: 'वेर' म्हणजे पुरुष (आपल्या 'वीर'चा सख्खा नातेवाईक) आणि पुढे वय. माणसाचं वय, माणसाचा काळ, म्हणून जग. मला तरी हा शब्द सगळ्यांत सुंदर वाटला.

आता आपल्याकडे या. 'वृद्ध' हा शब्द 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूचा. वृद्धी, वर्धन, वर्धापनदिन हे सगळे त्याच घरातले. धातू वेगळा, भाषा वेगळी, वाट मात्र तीच: वाढलेला, म्हणून वयस्कर. 'वयोवृद्ध' शब्दात द्विरुक्ती आहे असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. नुसत्या 'वृद्ध'मध्ये मुळात वय नाहीच, म्हणून तर ज्ञानवृद्ध आणि तपोवृद्ध हे शब्द होतात. ज्ञानवृद्ध माणूस तिशीतलाही असू शकतो.

'जुना'ची गोष्ट उलटी. तो 'जॄ' म्हणजे झिजणे या धातूकडून येतो. जरा आणि जीर्ण त्याच्याच शेजारचे. इंग्रजी 'ओल्ड' माणसालाही चालतो आणि कपाटालाही. मराठीत कपाट म्हातारं होत नाही, आणि 'आमच्या ऑफिसातला जुना माणूस' चाळिशीचाही असतो. त्याचं वय कोणी मोजत नाही, तिथे किती वर्षं आहे ते मोजतात. म्हणून 'ओल्ड'चं भाषांतर करताना दर वेळी थांबून विचार करावा लागतो.

आणखी एक. 'अल्'मध्ये वाढणं आणि खाऊ घालणं एकत्र आहेत ना? मराठीत मूलही वाढतं आणि पानही वाढतात. उष्टावणाला मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, तेव्हा ब्याऐंशी वर्षांची आई कंबर धरून पंगतीत भात वाढत होती. बस म्हटलं तर म्हणाली, "एवढी ओळ वाढते नि बसते."